कोणती प्रत कशापासून वाचवते

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब या सेवेचा डेटाबेस संध्याकाळपासून धापा टाकत होता. स्पॅम करणाऱ्यांमुळे भार वाढला होता आणि मुख्य सर्व्हरची हुबेहूब प्रत सांभाळणारा दुसरा सर्व्हर मागे पडत पडत शेवटी जोडणीतून सुटला होता. ही जोडणी नव्याने सुरू करायची तर दुसऱ्या सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर आधी रिकामं करावं लागतं. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्री अकराच्या सुमारास एका अभियंत्याने ते पुसायची कमांड दिली. सेकंद-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण बसलोय ते मुख्य सर्व्हरवर. कमांड थांबवली, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट शिल्लक होते.

गिटलॅब म्हणजे प्रोग्रामरांना आपला कोड ठेवायची आणि त्यावर मिळून काम करायची जागा. तिचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत, खालचा पोस्टग्रेस डेटाबेस मुक्त स्रोत, आणि सगळा डोलारा लिनक्सवर. बॅकअपची सोय नव्हती असंही नाही. कागदावर पाच उपाय होते. ते त्या रात्री एकेक करून तपासले गेले. डेटाबेसची रोजची प्रत ॲमेझॉनच्या साठवणीत जायला हवी होती. ते खातं रिकामं निघालं. प्रत काढणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, त्यामुळे प्रत काढण्याचं काम रोज अर्ध्यावर बंद पडत होतं. तसं सांगणारे ई-मेलही निघत होते, पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. क्लाउडवरचे डिस्कचे स्नॅपशॉट, म्हणजे डिस्क एका क्षणी जशी होती तशी टिपलेली प्रत, फाइलींच्या सर्व्हरांना लावले होते, डेटाबेसच्या सर्व्हरांना लावलेच नव्हते. जोडीचा सर्व्हर तर आधीच रिकामा करून झाला होता. कामी आला तो एक स्नॅपशॉट, जो दुसऱ्याच कामासाठी, चाचणीच्या सर्व्हरवर ताजा डेटा हवा म्हणून, एकाने सहा तासांपूर्वी हाताने घेतला होता. तो परत चढवायला सुमारे अठरा तास लागले, कारण चाचणीच्या सर्व्हरच्या डिस्क मंद होत्या. मधल्या सहा तासांतली कामाची नोंद गेली ती गेलीच: अंदाजे ५,००० प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना त्याचा फटका बसला. कोडचे साठे वेगळीकडे होते, ते वाचले.

गिटलॅबने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या जगात तो आजही शिकवायला वापरतात.

मुक्त स्रोताच्या जगात साठवण आणि बॅकअप यांसाठी साधनांची वाण नाही. रेड, झेडएफएस, बीटीआरएफएस, एलव्हीएम, आरसिंक, बोर्ग, रेस्टिक, बॅक्युला, सेफ... यादी वाचून नवखा माणूस गांगरतो आणि "यातलं सगळ्यात चांगलं कोणतं?" असं विचारतो. त्या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ही साधनं एकमेकांना पर्याय नाहीत. प्रत्येक साधन एका विशिष्ट धोक्यापासून वाचवतं आणि बाकीच्यांपुढे हात टेकतं. म्हणून या प्रकरणात साधनांची ओळख धोक्यांच्या क्रमाने करून घेऊ.

डिस्क जाते तेव्हा

सगळ्यात रोजचा धोका हा. डिस्क हे झिजणारं यंत्र आहे. एका डिस्कपुरता विचार केला तर ती यंदा जाण्याची शक्यता कमी असते. शंभर डिस्कच्या खोलीत मात्र वर्षाला एखाद-दोन जाणार हे धरूनच चालतात.

यावरचा उपाय १९८८ सालच्या एका शोधनिबंधातून आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो लिहिला. तेव्हा मेनफ्रेमच्या मोठ्या डिस्क अतिशय महाग होत्या आणि पर्सनल कॉम्प्युटरच्या छोट्या डिस्क त्या मानाने स्वस्त. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधल्या तर काम वेगाने होतं, पण जितक्या डिस्क जास्त तितकी त्यातली एखादी जाण्याची शक्यताही जास्त. म्हणून त्यांनी सुचवलं, की डेटाबरोबर थोडी जादा माहिती लिहावी, जिच्यावरून गेलेल्या डिस्कवरचा मजकूर पुन्हा काढता येईल. हीच रेड पद्धत.

कल्पना शाळेतल्या बेरजेइतकी सोपी आहे. पहिल्या डिस्कवर ७, दुसरीवर ५, तिसरीवर त्यांची बेरीज १२. पहिली गेली तर १२ वजा ५, म्हणजे ७. प्रत्यक्षात बेरजेऐवजी बिटांवरची एक साधी क्रिया वापरतात, एवढाच फरक. रेड १ मध्ये दोन डिस्कवर तोच मजकूर असतो. रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी चालतं. रेड ६ मध्ये दोन गेल्या तरी. लिनक्समध्ये यासाठी वेगळं कार्ड विकत घ्यावं लागत नाही. कर्नलमध्येच सोय आहे आणि एमडीॲडम नावाच्या साधनाने ती मांडता येते.

रेड ६ ची गरज का पडली, तेही हिशेबाने कळतं. २० टेराबाइटची डिस्क गेली आणि तिच्या जागी नवी लावली, तर सेकंदाला २०० मेगाबाइट या वेगानेसुद्धा ती पुन्हा भरायला जवळपास २८ तास लागतात. या काळात उरलेल्या सगळ्या डिस्क अखंड वाचल्या जात असतात. त्या बहुधा एकाच दिवशी, एकाच खेपेतून घेतलेल्या असतात आणि सारख्याच झिजलेल्या असतात. रेड ५ मध्ये त्यातली आणखी एक गेली, की सगळंच गेलं.

रेड म्हणजे गाडीची स्टेपनी. चाक पंक्चर झालं तर प्रवास थांबत नाही. गाडी चोरीला गेली तर स्टेपनीही गाडीबरोबरच जाते. फाइल पुसायची कमांड रेड सगळ्या डिस्कवर इमानाने पोचवते. म्हणून सर्व्हरच्या खरेदीपत्रकात "रेड आहे" असं लिहिलेलं पाहून बॅकअपचा खर्च कुणी छाटला, तर त्याला थांबवलं पाहिजे.

एका यंत्रात मावणार नाही इतका डेटा असेल तर हीच कल्पना अनेक यंत्रांवर पसरवतात. सँटा क्रूझ विद्यापीठात सेज वाइल यांच्या पीएचडीच्या कामातून उभी राहिलेली सेफ ही प्रणाली प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवते आणि एखादं यंत्र पडलं तर हरवलेल्या प्रती आपणहून पुन्हा तयार करते. युरोपातली सर्न ही प्रयोगशाळा ती मोठ्या प्रमाणावर वापरते. पण सेफ नीट चालवायला किमान तीन यंत्रं, वेगवान नेटवर्क आणि जाणकार माणूस लागतो. ज्याचे सगळे सर्व्हर एका कपाटात मावतात, अशा कार्यालयाने तिच्या वाटेला जाऊ नये.

डिस्क चुकीचं सांगते तेव्हा

डिस्क बंद पडली तर निदान कळतं. त्याहून वाईट म्हणजे ती चालू राहते आणि एखादा बिट उलटा वाचून देते. फोटोत एक पट्टा उमटतो, झिप फाइल उघडत नाही, आणि हे कधी घडलं ते कुणालाच ठाऊक नसतं. ती बिघडलेली फाइल रोजच्या बॅकअपमध्ये रोज जात राहते आणि महिन्याभरात चांगल्या प्रती जुन्या झाल्या म्हणून पुसल्याही जातात.

लिनक्सवर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल प्रणाली भक्कम आणि वेगवान आहेत, पण फाइलीतल्या मजकुराची पडताळणी त्या करत नाहीत. स्वतःच्या नोंदवहीपुरती करतात. हे काम झेडएफएसने हाती घेतलं. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरन्स यांनी २००१ मध्ये ती लिहायला घेतली आणि २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला. प्रत्येक ठोकळा लिहिताना झेडएफएस त्याची एक पडताळणी-संख्या काढते आणि ती दुसऱ्या जागी ठेवते. वाचताना दोन्ही जुळल्या नाहीत, तर मजकूर बिघडलाय हे कळतं, आणि दुसरी प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्तीही होते. स्क्रब ही कमांड सगळ्या डिस्क चाळून हीच तपासणी करते. ती महिन्यातून एकदा चालवायची पद्धत आहे.

२०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. झेडएफएसचा खुला धागा पुढे २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने स्वयंसेवक आणि कंपन्यांनी मिळून चालवला. तिचा परवाना आणि लिनक्स कर्नलचा परवाना जुळत नसल्याने ती कर्नलच्या आत जाऊ शकलेली नाही. वेगळी बसवावी लागते. उबुंटूने २०१६ पासून ती सोबत द्यायला सुरुवात केली. गंमत अशी, की कर्नलच्या आत असलेली तिची प्रतिस्पर्धी बीटीआरएफएस हीसुद्धा ओरॅकलमध्येच जन्मली. ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये ती सुरू केली आणि २००९ मध्ये ती कर्नलमध्ये दाखल झाली. एक-दोन डिस्कच्या सर्व्हरला ती उत्तम. मात्र तिच्यातल्या रेड ५ आणि ६ वर महत्त्वाचा डेटा ठेवू नये, असं तिचे कर्तेच सांगतात.

हात चुकतो तेव्हा

पुसायला नको होतं ते पुसलं, वर लिहायला नको होतं तिथे लिहिलं. गिटलॅबचा प्रकार याच सदरातला. यावर सगळ्यात जवळचा उपाय म्हणजे स्नॅपशॉट.

झेडएफएस आणि बीटीआरएफएस जुन्या मजकुरावर नवा मजकूर लिहीत नाहीत. नवा ठोकळा मोकळ्या जागेत लिहितात आणि नोंदवहीत पत्ता बदलतात. त्यामुळे "या क्षणीची नोंदवही जपून ठेव" एवढं सांगितलं की स्नॅपशॉट झाला. टेराबाइटच्या साठवणीचाही तो क्षणात होतो आणि सुरुवातीला जवळजवळ काहीच जागा घेत नाही. पुढे जसजसं बदलत जाईल, तसतशी जुन्या ठोकळ्यांची जागा मोकळी न होता अडकून राहते. किंमत मोजायची ती तिथे. दर तासाला एक स्नॅपशॉट आणि दोन दिवसांनी जुने काढून टाकायचे, असं ठेवलं तर सकाळी चुकून पुसलेली फाइल दुपारी चहाच्या आधी परत देता येते. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस वापरणाऱ्यांना हीच सोय एलव्हीएमकडून मिळते, थोडी जड चालीने.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, ही त्याची मर्यादा. डिस्क गेली, तर तोही गेला.

या धोक्यापुढे जोडीचा सर्व्हर, म्हणजे रेप्लिकेशन, अगदीच दुबळं ठरतं. मुख्य सर्व्हरवर जे होतं ते क्षणभरात तिकडेही होतं, चूकसुद्धा. यंत्र बंद पडलं तर सेवा चालू राहावी यासाठी ते असतं. कालचा दिवस परत मागण्यासाठी त्याचा उपयोग नाही.

हात नेहमी माणसाचाच असतो असंही नाही. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर लस्टर ही मुक्त स्रोत साठवण प्रणाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यातून ७७ टेराबाइट डेटा, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली, पुसल्या गेल्या. पुसल्या कुणी? बॅकअपच्या स्क्रिप्टने. जुन्या लॉग फाइली काढून टाकणारा भाग तिच्यात होता. यंत्रणा पुरवणाऱ्या एचपीई कंपनीने स्क्रिप्ट सुधारली आणि जुनी चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली. स्क्रिप्ट चालवणारा बॅश हा प्रोग्राम ती आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालवता चालवता वाचत जातो. त्यामुळे अर्धी जुनी आणि अर्धी नवी असं मिश्रण चाललं, फोल्डरचं नाव ज्यात असायला हवं तो चल रिकामा राहिला, आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइलींवर सफाई सुरू झाली. फटका बसलेल्या १४ संशोधन गटांपैकी चार गटांचा डेटा परत आणता आला नाही. बॅकअपच्या प्रोग्रामला पुसायचे अधिकार किती द्यायचे, हा प्रश्न या घटनेने ऐरणीवर आणला. त्याकडे पुढे येऊच.

दुसऱ्या यंत्रावरची प्रत

आतापर्यंतचं सगळं एकाच यंत्राच्या किंवा एकाच संचाच्या आत होतं. खरा बॅकअप सुरू होतो तो प्रत त्या यंत्राबाहेर गेल्यावर.

या कामातलं सगळ्यात जुनं साधन टार. १९७९ च्या युनिक्सपासून ते आहे, नावाप्रमाणे टेपवर फाइली ओळीने लिहिण्यासाठी. तेव्हाची टार फाइल आजचा लिनक्स उघडतो. खुल्या स्वरूपाचं मोल इथे कळतं: प्रत काढणारी कंपनी बुडाली, परवाना संपला, नवी आवृत्ती जुनी फाइल वाचेना, असे प्रसंग बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये येतात आणि नेमके डेटा परत हवा असतानाच येतात.

दुसरं घरोघरी वापरलं जाणारं साधन आरसिंक. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ते जाहीर केलं. दोन यंत्रांवर एकाच फाइलीच्या थोड्या वेगळ्या आवृत्त्या असतील, तर पूर्ण फाइल न पाठवता बदललेला भागच कसा पाठवायचा, हे कोडं त्यांनी सोडवलं. तिकडचं यंत्र आपल्या फाइलीच्या तुकड्यांच्या पडताळणी-संख्या पाठवतं, इकडचं यंत्र आपल्या फाइलीत तसे तुकडे शोधतं आणि न सापडलेले तेवढे धाडतं. पण मूळ जागी पुसलेली फाइल तिकडेही पुसायचा पर्याय चालू ठेवला, तर आरसिंक चूकही वेगाने पोचवतो. म्हणून रोजची प्रत वेगळ्या तारखेच्या फोल्डरात काढावी आणि न बदललेल्या फाइली आदल्या दिवशीच्या प्रतीला हार्ड लिंकने जोडाव्यात. आरसिंकमध्ये तशी सोय आहे. तीस दिवसांच्या प्रती दिसतात तीस, जागा मात्र एकीपेक्षा थोडीच जास्त घेतात.

गेल्या दशकात यापुढची पिढी आली. २०१५ मध्ये ॲटिक या प्रकल्पातून फुटून निघालेलं बोर्ग, आणि त्याच काळात गो भाषेत लिहिलेलं रेस्टिक. दोन्ही साधनं फाइलीचे तुकडे करतात, आणि कुठे कापायचं ते ठरावीक अंतरावर न ठरवता मजकुरावरूनच ठरवतात. त्यामुळे मोठ्या फाइलीच्या सुरुवातीला एक ओळ घातली तरी पुढचे सगळे तुकडे जसेच्या तसे ओळखू येतात. तोच तुकडा पुन्हा आला तर तो पुन्हा साठवला जात नाही, मग तो कालच्या प्रतीतला असो की दुसऱ्या फोल्डरातला. वर सगळं कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन जातं, त्यामुळे प्रत परक्याच्या सर्व्हरवर ठेवायलाही हरकत नाही. बोर्ग एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून दुसऱ्या लिनक्स यंत्राशी बोलण्यात पटाईत. रेस्टिक त्याशिवाय क्लाउडच्या साठवणीशीही थेट बोलतं. दोघांनाही एकच अट: किल्ली हरवली, की डेटा कायमचा हरवला. किल्लीची छापील प्रत सर्व्हरपासून दूर, कुलपात हवी.

शेकडो यंत्रांचा बॅकअप एका जागेवरून, वेळापत्रकाने, टेपसकट सांभाळायचा असेल तर बॅक्युला आणि तिच्यातून निघालेली बॅरिओस या मोठ्या घराच्या व्यवस्था आहेत. आभासी यंत्रं प्रॉक्समॉक्सवर चालत असतील तर त्याच मंडळींनी २०२० मध्ये आणलेला बॅकअप सर्व्हर सोयीचा पडतो.

चालत्या डेटाबेसची प्रत

डेटाबेसला वेगळी वागणूक लागते, आणि सर्वाधिक बॅकअप निरुपयोगी ठरतात ते इथे. चालू डेटाबेसच्या फाइली आरसिंकने उचलल्या, तर पहिली फाइल दहा वाजताची आणि शेवटची दहा वाजून चार मिनिटांची. मधल्या चार मिनिटांत, समजा, ग्रंथालयातून पुस्तक दिल्याची नोंद एका फाइलीत झाली आणि दुसरीत नाही, असा डेटाबेस बहुतेक वेळा उठतच नाही, आणि उठला तर त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून डेटाबेसला स्वतःलाच प्रत काढायला सांगायचं. पोस्टग्रेसमध्ये पीजी-डंप आणि मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलमध्ये त्यांचे डंप प्रोग्राम एका क्षणाचं सुसंगत चित्र काढून देतात. मायएसक्यूएलच्या घराण्यात त्यासाठी सगळं एकाच व्यवहारात वाचायचा पर्याय आठवणीने द्यावा लागतो. डंप म्हणजे साध्या मजकुरातल्या सूचना. त्या नव्या आवृत्तीवरही चालवता येतात, पण डेटा मोठा असेल तर तासन्‌तास लागतात.

मोठ्या डेटाबेससाठी दुसरी वाट आहे. पोस्टग्रेस कोणताही बदल प्रत्यक्ष करण्याआधी तो एका रोजनाम्यात लिहितो. पूर्ण प्रत आठवड्यातून एकदा घ्यायची आणि रोजनाम्याची पानं लिहिली जातील तशी दुसरीकडे पाठवत राहायची. अपघात झाल्यावर जुनी प्रत उभी करायची, रोजनामा पुढे चालवायचा आणि ज्या मिनिटाला चूक झाली त्याच्या आदल्या मिनिटाला थांबायचं. पोस्टग्रेसला ही सोय २००५ पासून आहे. पीजीबॅकरेस्ट आणि बारमन ही साधनं तिची व्यवस्था लावतात.

इमारत जळते, गावात पाणी शिरतं

१० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. पाच मजली इमारत पूर्ण गेली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी त्याच रात्री ग्राहकांना आपापल्या आपत्कालीन योजना सुरू करायला सांगितलं. अनेकांकडे तशी योजनाच नव्हती. काहींनी बॅकअपचे पैसे भरले होते, पण प्रत त्याच आवारात होती. रस्ट या खेळाच्या युरोपातल्या सर्व्हरांवरचा डेटा परत आलाच नाही.

आपल्याकडे आगीइतकाच पाण्याचा विचार करायला हवा. मुंबईत २६ जुलै २००५, सांगली-कोल्हापुरात २०१९, चिपळूणला २०२१: प्रत्येक वेळी तळमजल्यावरची दप्तरं आणि यंत्रं पाण्याखाली गेली. दुसरी प्रत वरच्या मजल्यावर ठेवली तर पुरापासून वाचते, आगीपासून नाही. गावातल्या दुसऱ्या शाखेत ठेवली तर आगीपासून वाचते, पुरापासून वाचेलच असं नाही. प्रतीचं अंतर आपल्या गावाचा धोका पाहून ठरवायचं.

छायाचित्रांच्या जतनावर लिहिणारे पीटर क्रोग यांनी यासाठी ३-२-१ हा नियम रूढ केला: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

कुणी मुद्दाम पुसतं तेव्हा

खंडणीखोर सॉफ्टवेअर आता आधी बॅकअप शोधतं, मगच मुख्य डेटाला कुलूप लावतं. बॅकअपचा सर्व्हर सतत जोडलेला असेल आणि मुख्य सर्व्हरकडे त्याच्यावर पुसायचे अधिकार असतील, तर शिरलेल्या माणसाला दोन्हीकडे एकाच किल्लीने जाता येतं.

दिल्लीच्या एम्समध्ये नोव्हेंबर २०२२ मध्ये असा हल्ला झाला. रुग्णनोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सगळं सुमारे दोन आठवडे कागदावर चालवावं लागलं. ई-हॉस्पिटल या तिथल्या प्रणालीचा डेटा परत आला तो हल्ल्याच्या तावडीतून सुटलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून, असं सरकारने संसदेत सांगितलं.

यावर उपाय दोन. पहिला, मुख्य सर्व्हरला फक्त नवी प्रत जोडायचा अधिकार द्यायचा, जुनी पुसायचा नाही. बोर्गमध्ये आणि रेस्टिकच्या सर्व्हरमध्ये अशी जोडणीपुरती परवानगी देता येते. जुन्या प्रतींची छाटणी बॅकअपचा सर्व्हर स्वतः करतो. क्योटोसारखी स्क्रिप्ट उद्या पुन्हा बिथरली, तरी इथल्या जुन्या प्रतींपर्यंत तिचा हात पोचत नाही. दुसरा उपाय जुनाच आहे: तार काढून ठेवणं. कपाटातल्या टेपला किंवा काढून ठेवलेल्या डिस्कला नेटवर्कवरून कुणी शिवू शकत नाही. टेप इतिहासजमा झाली असं वाटतं, पण २००० मधली पहिली एलटीओ टेप १०० गिगाबाइटची होती आणि २०२१ मध्ये आलेली नववी पिढी १८ टेराबाइटची आहे. टेपचा ड्राइव्ह महाग असल्याने लहान संस्थेला आलटूनपालटून जोडायच्या दोन यूएसबी डिस्क परवडतात.

आधी दोन प्रश्न

कोणतंही साधन निवडण्याआधी संस्थेच्या प्रमुखाला दोन प्रश्न विचारायचे. किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? आणि किती वेळ सगळं बंद राहिलं तर चालेल? गिटलॅबच्या बाबतीत उत्तरं निघाली सहा तास आणि अठरा तास, पण ती ठरवून आलेली नव्हती. पहिल्या प्रश्नावरून प्रत किती वेळाने घ्यायची ते ठरतं. दुसऱ्यावरून ती कुठे ठेवायची ते ठरतं. १० टेराबाइटची एकमेव प्रत क्लाउडवर असेल आणि जोडणी १०० मेगाबिटची, तर ती पूर्ण वेगाने अखंड चालली तरी डेटा उतरायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. म्हणून एक प्रत जवळ, लगेच उचलण्यासाठी, आणि एक दूर, सगळं गेलं तर.

तिसरी गोष्ट, मागे किती जायचं. बऱ्याच चुका उशिरा ध्यानात येतात. रोजच्या सात, आठवड्याच्या चार आणि महिन्याच्या बारा प्रती ठेवल्या, तर तेवीस प्रतींत वर्षभर मागे जाता येतं. बोर्ग आणि रेस्टिकला हे एका ओळीत सांगता येतं.

एका ग्रंथालयाचा आराखडा

महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांची ग्रंथालयं कोहा या मुक्त स्रोत प्रणालीवर चालतात. २००० सालच्या जानेवारीत न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात ती पहिल्यांदा सुरू झाली. डेबियन किंवा उबुंटूवर ती नेहमीच्या पद्धतीने बसवली तर रोज रात्री तिच्या डेटाबेसचा डंप आपोआप निघतो. त्यामुळे बॅकअपची काळजी मिटली असा समज होतो. पण हा डंप त्याच यंत्राच्या डिस्कवर पडतो आणि मुळात दोनच दिवसांच्या प्रती राहतात. गुरुवारी कुणी चुकून सभासदांची यादी पुसली आणि सोमवारी लक्षात आलं, तर चांगली प्रत शिल्लक नसते.

वरच्या धोक्यांची यादी समोर ठेवली की उरलेलं काम दिसतं. सर्व्हरला दोन डिस्क आणि रेड १, म्हणजे परीक्षेच्या काळात डिस्क गेली तरी देवघेव थांबणार नाही. रात्रीचा डंप आणि कोहाची सेटिंगं रेस्टिक किंवा बोर्गने संगणक विभागातल्या दुसऱ्या यंत्रावर, पुसायच्या अधिकाराशिवाय. तीच प्रत आठवड्यातून एकदा दुसऱ्या गावातल्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर. महिन्यातून एकदा यूएसबी डिस्क जोडून प्रत घ्यायची आणि डिस्क काढून प्राचार्यांच्या कपाटात ठेवायची. अशा ग्रंथालयाचा डंप एका पेन ड्राइव्हवर मावेल इतका लहान असतो. खर्च बहुतेक डिस्कचाच.

बॅकअप बिघडल्याचा ई-मेल येईल या भरवशावर राहू नये; गिटलॅबमध्ये तो ई-मेलच पोचत नव्हता. त्याऐवजी ग्रंथपालांना रोज सकाळी एक ओळ यायला हवी: शेवटची प्रत कधीची, किती मोठी. ती आली नाही, किंवा काल ८० मेगाबाइट असलेली प्रत आज २ मेगाबाइटची दिसली, तर त्याच दिवशी चौकशी.

आणि वर्षातून दोनदा तालीम. एखादा जुना संगणक घ्यायचा, त्यावर कोरा लिनक्स टाकायचा आणि सर्व्हर उभा करणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या कुणीतरी कागदावरच्या पायऱ्या वाचून ग्रंथालय चालू करायचं. शोधून एक पुस्तक काढायचं, एका सभासदाच्या नावावर द्यायचं. पहिल्या खेपेला काहीतरी अडतंच: पासवर्डची फाइल डंपमध्ये नसते, कोहाची आवृत्ती वेगळी निघते, मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात, रेस्टिकची किल्ली बंद पडलेल्या सर्व्हरवरच असते. अडलेली प्रत्येक गोष्ट त्या कागदावर लिहायची, लागलेला वेळ लिहायचा, आणि पुढच्या तालमीला कागद तिसऱ्याच माणसाच्या हाती द्यायचा.